मकबूलभाईने पास केलं तर

"कुणी आधी ऐकून आलं असेल तर त्याने बाहेरच थांबायचं, सांगून ठेव सगळ्यांना," मकबूलभाई शटर वर ढकलत म्हणाला.

"सगळे शपथेवर आहेत," मी वाकून आत शिरताना म्हटलं. "पुष्कर तर शुक्रवारपासून रिक्षातसुद्धा बसला नाही. रिक्षावाल्याने लावलं तर काय घ्या!"

"इकडे तोंड करून बोल रे. पुटपुटतोस नुसता."

मी तोंड वळवून पुन्हा सांगितलं. तेव्हा तो हसला.

रविराजचा नवा अल्बम शुक्रवारी आला होता. 'गच्चीवर कोणीतरी'. त्याचा 'उलटा पंखा' हा बँड फुटून जमाना झाला. हा पहिलाच त्याचा एकट्याचा. शब्द त्याचे, चाल त्याची, गिटारही त्याचंच. बाकी दुनिया मोबाईलवर ऐकून मोकळी झाली, आमची टोळी सोडून. आमचा नियम पक्का. रविराजचं नवं काही आलं की पहिल्या रविवारी सकाळी वारज्यात मकबूलभाईच्या दुकानात जमायचं आणि त्याने स्वतः बांधलेल्या स्पीकरच्या दोन खोक्यांवर सगळ्यांनी एकदम ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, गाणं पुढे ढकलायचं नाही. शेवटी मकबूलभाई "पास" म्हणाला तर पास. एकदा त्याने "नापास" म्हटलं, तर पुष्कर, म्हणजे हिंजवडीच्या कंपनीत ज्याला बघून पोरं उभी राहतात तो पुष्कर, रडकुंडीला आला होता. पण अपील नाही.

मकबूलभाई स्पीकर दुरुस्त करतो. मंडळांचे, बँजोवाल्यांचे, लग्नाच्या हॉलचे. 'उलटा पंखा'च्या पहिल्या कार्यक्रमाला खोकी याचीच होती. दुरुस्त केलेला प्रत्येक स्पीकर पूर्ण आवाजात लावून, त्याच्या समोर उभं राहून तपासायचा, ही त्याची जन्माची पद्धत.

मंडळी यायच्या आधी आवाज बसवण्यापुरतं थोडंसं ऐकायची परवानगी फक्त त्याला. फोन माझा, वायर त्याची. तो स्टुलावर बसला, एका खोक्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"लाव."

आता अशी आयती संधी मी सोडली असती, तर आमच्या आईने मला घरात घेतलं नसतं. आमच्या सोसायटीखाली घंटागाडी येते, तिचं गाणं मी आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ओला कचरा इकडे टाका, सुका तिकडे, असलं काहीतरी. लावलं. फुल्ल. आणि पाना अंगावर येईल म्हणून दाराशी जाऊन उभा राहिलो.

मकबूलभाईची मान डोलली. मग पाय हलायला लागला.

"वा," तो म्हणाला. "एकटा आहे, पण भरलेलं वाटतंय. आवाज पिकला पठ्ठ्याचा."

मला वाटलं, हा माझीच खेचतोय. मी हसलो. तो नाही हसला. खोक्यातून बाई सगळ्या वारज्याला कचरा वेगळा करायला सांगत होती आणि मकबूलभाई डोळे मिटून रविराज ऐकत होता.

"भाई," मी त्याच्या मागे जाऊन ओरडलो, "तुझी स्कूटर उचलून नेली!"

काही नाही. पाय हलतच होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. सुगराबी भाभी दोन हातांत दोन बादल्या घेऊन तरातरा आली, एक हिरवी, एक निळी.

"आज इतक्या लवकर गाडी?" म्हणत ती थेट रस्त्यापर्यंत गेली. रस्ता रिकामा. परत आली, खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गाणं बंद केलं.

तळव्याखालचं लाकूड थांबलं तसे मकबूलभाईने डोळे उघडले. बायको बघितली. बादल्या बघितल्या. माझा फोनवरचा हात बघितला.

"घंटागाडी?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"साल्या," तो म्हणाला. ही शिवी तो नेहमी हसत देतो.

"कवापास्नं सांगतेय, कानाला मशीन लावा," भाभीने बादल्या खाली ठेवल्या. "तर म्हणतात, स्पीकरवाल्याच्या कानात मशीन बघून गिऱ्हाईक थांबेल का?"

"सुगरा, बस." मग माझ्याकडे वळून, "मंडळींना सांगणार?"

"मी?" मी ओठ नीट हलवत म्हटलं. "मी खरं बोललेलं कोण खरं मानतं?"

तो जरासा हसला. "मग एक कर. शेवटी मी तुझ्याकडे बघीन. चांगलं असलं तर मिशीला हात लाव."

मंडळी आली. साईनाथ आला, पुष्कर आला, बरोबर त्याची कॉलेजात जाणारी मुलगी संस्कृती. सगळे पोत्यांवर, रिकाम्या खोक्यांवर, पायरीवर बसले आणि मी खरा अल्बम लावला.

काय सांगू! चौथ्या गाण्यात गिटार थांबतं आणि रविराज नुसता बोलल्यासारखा गातो, तिथे साईनाथने चष्मा काढला. संस्कृतीने ओढणी तोंडाशी धरली होती. मकबूलभाईचा तळवा खोक्यावर होता, पण या खेपेला डोळे उघडे. तो एकेकाचं तोंड बघत होता. माझं सोडून.

शेवटचं गाणं संपलं. सगळे त्याच्याकडे वळले. माझा हात मिशीवर तयार होता. चांगला खाजवत होतो म्हणा ना.

"बोल भाई," पुष्कर म्हणाला. "जीव टांगणीला लावू नकोस."

मकबूलभाईने माझ्याकडे बघितलंच नाही. तो स्टुलावरून उठला.

"संस्कृती, बेटा, इकडे ये. बस इथे."

"मी? अंकल, पण पास तर तुम्ही..."

"बस. इथून पुढे तू सांगायचं. मला ऐकू येत नाही आता."

पोरगी स्टुलाच्या अगदी कडेला बसली. नाक पुसलं.

"पास," ती म्हणाली.

मकबूलभाई तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने मान हलवली, आणि मग कुठे टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांतच बाहेर खरी घंटागाडी आली. तेच गाणं. मकबूलभाई वायर गुंडाळत होता, त्याने वर बघितलं नाही. भाभी बादल्यांकडे वाकली, तिच्या आधी मी उचलल्या.

"सुद्या, आता ही कुठली नवी नाटकं?" पुष्कर मागून ओरडला.

हिरवी एका हातात, निळी दुसऱ्या, असा मी गाडीच्या मागे पळत सुटलो.