काडाच्या टोपीतला मॅलाकी

अॅट्रॅक्टाने चौपन्नाव्या वर्षी लग्न ठरवलं, तेव्हा तिचा थोरला भाऊ मॅलाकी भरल्या ताटावरून उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. आईबाप गेल्यापासून वीस वर्षं त्या घरात ही दोघंच. नवरदेव कोलमन आमच्याकडचा पोस्टमन, विधुर, माणूस सरळ. त्याच्यात खोट काढता येईना, म्हणून मॅलाकी म्हणाला, "तो चहात दूध आधी घालतो."

लग्नाच्या दिवशी त्याने निरोप पाठवला, की लाल गाय आज व्यायची आहे, येता येणार नाही. अॅट्रॅक्टा एकटीच चर्चमध्ये चालत गेली. ताठ मानेने गेली, पण एकदा मागे वळून पाहिलंच तिने.

आमच्या भागात लग्नाच्या जेवणात काडवाले येतात, बोलावल्याशिवाय. तोंड झाकेल अशा गव्हाच्या काडाच्या उंच टोप्या घालायच्या, एक शब्द बोलायचा नाही, नवरीबरोबर नाचायचं आणि तिला सुख चिंतून निघून जायचं. टोप्या मी विणतो. दुपारी माझ्या कोठारात आम्ही चौघे तयार होत होतो, तेवढ्यात दारात मॅलाकी.

"एखादी टोपी जास्तीची आहे का?"

"गाय व्याली?" मी विचारलं.

"गाय व्यायला अजून महिना आहे," तो खाली बघत म्हणाला. "उद्यापासून घरात बोलायला तेवढी तीच उरणार."

मी माझीच टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतःसाठी जुनी उचलली.

आम्ही हॉलमध्ये शिरलो तसे लोक बाकं सरकवून भिंतीला लागले. फिडलच्या तारा वाजू लागल्या. म्होरक्या मीच, म्हणून अॅट्रॅक्टाबरोबर मी नाचायचं. मॅलाकी कोपऱ्यात कोटांच्या मागे जाऊन उभा. दोन गिरक्या झाल्या आणि तिने माझा हात सोडला. सरळ कोपऱ्यात गेली. सबंध तालुक्यात पायाची बोटं आत वळवून उभा राहणारा माणूस एकच.

"गायीचं काय झालं?" तिने विचारलं.

काडवाल्याने बोलायचं नसतं. टोपी नुसती डावी-उजवीकडे हलली.

"बरं. मग नाच तरी."

नाचली दोघं. मॅलाकीने तिच्या पांढऱ्या बुटांवर तीनदा पाय दिला. शेवटी ती इतकी हसायला लागली, की तिला उभं राहवेना. तिने त्याची टोपी उतरवली. आत तो घामाने आणि रडण्याने सारखाच भिजलेला.

"जेवलास का?"

"सकाळपासून नाही," तो म्हणाला.

कोलमनने आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली. मॅलाकीने दोन ताटल्या मटण संपवलं, मग आमच्या पाद्रीबाबांच्या बहिणीला नाचायला उठवलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अॅट्रॅक्टाचं कपाट त्याने स्वतःच ट्रॅक्टरवर चढवलं आणि टेकडीपलीकडे कोलमनच्या घरी पोचवलं. वाटेत कपाटाचं दार दोनदा उघडलं, कपडे चिखलात पडले. ते धुवून वाळेपर्यंत थांबतो म्हणाला, आणि गुरुवारी परत आला.