झुंबरअक्काच्या गच्चीवर

पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीत सुमनबाईइतकं पळणारं माणूस दुसरं नव्हतं. अकराला बालवाडीची नोकरी, त्याआधी घर, आणि या उन्हाळ्यात भरीस भर म्हणून बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, धंदा. रिखबचंद शेठजींच्या दुकानात तिचे बिबडे ठेवले काय आणि डबा बघता बघता रिकामा झाला काय! शेठजी म्हणाले, "बाई, शनिवारी मोठा डबा भरून द्या. माल वेळेवर आला तर सीझनभर तुमचेच बिबडे ठेवतो. नाहीतर दुसरीकडे सांगावं लागेल." त्या दिवशी सुमनबाई घरी चालत आली नाही, तरंगतच आली.

पण बिबडे काही एकटीनं होत नाहीत. आंबवलेल्या ज्वारीचं पीठ रात्री भिजवायचं, सकाळी भल्या मोठ्या पातेल्यात लाकडी दांड्यानं घाटून शिजवायचं, आणि बोटांना चटके बसत असतानाच ओल्या धोतरावर भराभर थापायचं. गार झालं की संपलं, मग ते दगडासारखं होतं. म्हणून पाच-सहा जणी लागतातच. कॉलनीची रीत अशी, की आज सगळ्या तुझ्या गच्चीवर, उद्या सगळ्या माझ्या. हातांची फेड हातांनीच.

सुमनबाईनं सगळ्या वेळेची आखणी केली होती, अगदी केस विंचरण्याचीसुद्धा. ही फेड तेवढी आखणीत धरायची राहून गेली. पहिल्या डब्याला बाया हसत आल्या. मग शेजारच्या बेबाबाईच्या कुरडया निघाल्या, तर हिच्या बालवाडीत तपासणी. समोरच्या झुंबरबाईचे पापड निघाले, तर ही डबा घेऊन शेठजींकडे.

बुधवारी सकाळी चुलीवर पातेलं ठेवून, बाजेवर ओलं धोतर अंथरून ती वाट बघत बसली. पीठ रात्रीच भिजवलेलं. नवरा अभिमन वरणगावच्या फॅक्टरीत ड्युटीला गेलेला. जिन्यात एकही चप्पल वाजेना. उलट समोरच्या गच्चीवरून हसण्याचा आवाज आला. बघते तर काय, साऱ्याजणी झुंबरबाईच्या बाजेभोवती!

ती तशीच धावत तिथे गेली.

"ये वं माय," झुंबरबाई म्हणाली. "बठ्ठ्या आठेच शेतस. तुनीच वाट बघत होतो."

"अक्का, माझं पीठ भिजलंय हो."

"मग? तुनं पीठ काय पळी जाई का?"

"पळणार नाही, पण उन्हानं जास्त आंबून वाया जाईल."

बेबाबाई थापता थापता म्हणाली, "आमच्या कुरडयांना तू आली असती तर आम्हीही आलो असतो बाई. आम्हाला कुठं दुकानं चालवायची आहेत?"

सगळ्या हसल्या. त्यात वाईटपणा काहीच नव्हता, तेच तर अवघड होतं. भांडण असतं तर सुमनबाई भांडली असती. इथे भांडायला जागाच नव्हती. परत गेली तर उद्यापासून कोणी फिरकणार नाही. बसली तर पीठ जातं. तिनं पदर खोचला आणि बसली. भराभर थापून संपवू, मग सगळ्यांना आपल्या गच्चीवर नेऊ, असं तिनं मनात ठरवलं. तिची बोटं अशी चालली, की झुंबरबाई म्हणाली, "पाह्य बरं, किती झटपट!"

पण एक पातेलं संपलं की दुसरं चढायचं. समोर तिची स्वतःची बाज दिसत होती. धोतर आधी ओलं होतं, मग सुकलं, मग वाऱ्यानं त्याचा एक कोपरा उडायला लागला. शेवटचा बिबडा थापून झाला तेव्हा बायांना आपापल्या घरच्या भाकरी दिसायला लागल्या, आणि हिला बालवाडी.

संध्याकाळी परतली तर पिठानं झाकण वर उचललं होतं. वास जिन्यापर्यंत. तिनं ते बेबाबाईच्या म्हशीपुढे ओतलं. नवी ज्वारी भिजवून आंबायलाच तीन दिवस, पुढे दळण आणि वाळवण. ती तशीच दुकानात गेली.

"शेठजी, थोडे दिवस वाढवून द्याल?"

"दिले असते बाई," शेठजी खरंच हळहळले. "पण गिऱ्हाईक नाही थांबत. फैजपूरची एक बाई देते म्हणाली आहे, तिला सांगतो आता."

घरी येऊन तिनं तरीही ज्वारी सुपात घेतली. निवडायला लागली, आणि हात थांबला. भिजवली तर थापायला कोण येणार?

समोरच्या गच्चीवरून झुंबरबाईची हाक आली. "सुमन, सकाय बेबाबाईकडे पापड शेतस. येजो बरं."

सुमनबाईनं सूप खाली ठेवलं.

"येते अक्का," ती म्हणाली.