आईच्या कार्डाला दोन दात

"सोड, सोड! मोडशील गं माय!"

सरजाबाई हातातल्या उलथन्यासकट धावली. खिचडी चुलीवर तशीच रटरटत राहिली. पण ती पोचायच्या आतच कट् असा आवाज झाला.

चार वर्षांची रेणुका फरशीवर फतकल मारून बसली होती. एका हातात आईच्या चित्राचं पुठ्ठ्याचं कार्ड, दुसऱ्या हातात मोबाईलच्या चित्राचं. आईच्या कार्डाचा दात मोडून मोबाईलच्या खाचेत अडकला होता आणि रेणुका अजून जोर लावतच होती.

खेळ सरजाबाईनेच केलेला. 'कोण कुठं राहतं.' प्रत्येक कार्डाच्या कडेला पुढे आलेला एक दात आणि त्याच्या जोडीदाराला तशीच खाच. चिमणीचा दात घरट्यातच बसायचा, मुंगीचा वारुळातच, गायीचा गोठ्यातच. आईचा घरात. चुकीची जोडी लावली तर बसायचीच नाही. पोराला कोणी 'चुकलं' म्हणायची गरज नाही, पुठ्ठाच सांगतो. मोबाईलचं कार्ड या खेळातलं नव्हतंच. ते दुसऱ्या, कुलूप-किल्लीसारख्या जोड्यांच्या खेळातलं, त्याची जोडी चार्जरशी. दोन्ही खेळ फरशीवर एकत्र झाले होते.

"कामून मोडलं? आई कुठं ऱ्हाती? घरात. घरात घाल तिला."

"घरात न्हाई," रेणुका म्हणाली. "घरात आजी हाय. आई ह्यात हाय."

अंगणवाडीच्या ताई, तनुजाताई, मोबाईलवर पोरांची हजेरी भरत होत्या. त्या खळखळून हसल्या. "माय, बरोबर बोलून राहिली की पोरगी!" मग त्यांचं त्यांनाच काहीतरी टोचलं आणि त्या खाली मान घालून पुन्हा हजेरी भरायला लागल्या.

रेणुकाचे आईबाप दिवाळीपासून निजामाबादकडे वीटभट्टीवर. पोरगी आजीपाशी, केवळाबाईपाशी. रोज दिवेलागणीला केवळाबाईच्या मांडीवरच्या मोबाईलात आई उगवायची, "जेवली का गं" विचारायची आणि मावळायची.

सरजाबाईने मोडका दात उचलून कनवटीला लावला. तेवढ्यात खिचडी करपल्याचा वास आला.

रकाना दुसरा : लागणारे साहित्य

नांदेडला जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांच्या खेळण्यांचं प्रदर्शन होतं. प्रत्येक खेळण्यासोबत एक तक्ता भरून द्यायचा होता. पहिल्या रकान्यात खेळाचं नाव होतं; दुसऱ्या रकान्यात तनुजाताईंनी सुंदर अक्षरात लिहिलं : पुठ्ठा, खळ, रंग, कात्री.

रकाना दोन बोटांचा. त्यात काय काय मावलं नाही, ते असं :

सलाईनच्या बाटल्यांची खोकी. ती दवाखान्याच्या मागून आणायची, कारण किराण्याच्या खोक्याला उंदीर लागतो. गव्हाच्या पिठाची खळ, तिच्यात कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, म्हणजे किडा लागत नाही. दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवून पाट्याखाली दोन दिवस दाबायचे. वाळल्यावर चमच्याच्या पाठीने कडा घासायच्या, पोराच्या बोटाला कापू नये म्हणून. हळद, कुंकू, नीळ, काजळी.

एक तान्ह्या पोराचं कडं. जे त्या कड्यातून खाली पडतं, ते तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात द्यायचं नाही, घशात जातं. हा नियम सरजाबाईला कोणत्या प्रशिक्षणात सांगितलेला नव्हता. प्रशिक्षणं ताईंना असतात, मदतनिसाला नसतात.

आणि बावीस वर्षं. उमरी-भोकर रस्त्यापासून आत दोन मैलांवरच्या या गावात बावीस वर्षं सरजाबाई अंगणवाडीची मदतनीस होती. सातवी पास. पोरं घरोघरून गोळा करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. तिच्या देखत चार ताई बदलल्या. तनुजाताई पाचव्या. पहिल्या दिवशी त्या टेचात म्हणाल्या होत्या, "मावशी, हा कचरा उचला." सरजाबाईने उत्तर दिलं होतं, "ताई, कचरा नव्हं. आठ दिवस बघा, मग फेका." आठव्या दिवशी तनुजाताई स्वतः खळ शिजवत होत्या आणि 'मावशी'ची 'माय' झाली होती.

रकाना तिसरा : कृती

दुपारी पोरं गेल्यावर सरजाबाई पाय पसरून बसली. कनवटीचा दात काढला. चिकटवला तर चिकटला असता. घटकाभराचं काम.

तिने तो बाजूला ठेवला.

"ताई, आपल्यात किती पोरं हायेत जी आजीपाशी ऱ्हात्यात?"

"सव्वीसातली... थांबा." तनुजाताईंनी बोटांवर मोजलं. "नऊ."

"नऊ जणांला पुठ्ठा रोज सांगून राहिला, तुमचं चुकलं."

"मग काय करणार?"

"आईला दुसरा दात करते."

नव्या पुठ्ठ्यावर तिने आई काढली. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. ज्या लेकराची आई टिकली लावते त्याने मनातल्या मनात लावावी, ज्याची लावत नाही त्याने लावू नये. उजव्या कडेला दात, तो घराच्या खाचेत. डाव्या कडेला दुसरा, तो मोबाईलच्या खाचेत. मोबाईलची खाच चार्जरसाठी कापलेली, म्हणून आईचा डावा दात चार्जरच्या दातासारखा करावा लागला. तो करताना पहिल्यांदा हात चुकला. दात बारीक झाला. तनुजाताईंनी लावून पाहिला तर तो मोबाईलमध्ये डुगडुगत होता आणि कुलपाच्या कार्डात फिट्ट.

"घ्या!" तनुजाताई म्हणाल्या. "आईला कुलपात कोंडली की तुम्ही."

"कोंडलीच हाय तिला. भट्टीवाल्यानं." सरजाबाई हसली आणि ते कार्ड चुलीत टाकलं. "आणा दुसरा पुठ्ठा."

दुसऱ्या दिवशी रेणुकाने आई उचलली, मोबाईलमध्ये सरकवली. टक् करून बसली. पोरीने उजवीकडे घरही लावलं. मधे आई, एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला मोबाईल. मग ती लांबलचक आगगाडी ओढत सगळ्या खोलीभर फिरली.

रकाना चौथा : उद्दिष्ट. यातून बालक काय शिकते?

हा रकाना तनुजाताईंनी कोरा ठेवला. "उद्या सुचलं तर लिहू," म्हणाल्या.

उद्या म्हणजे नांदेड. एका मंगल कार्यालयाचा मोठा हॉल, भिंतीलगत टेबलं, प्रत्येक टेबलावर एका गावाची खेळणी. सरजाबाई पांढरं, निळ्या काठाचं लुगडं नेसून आली होती. पहिल्या येणाऱ्या खेळण्याचा साचा तयार होणार होता आणि तो छापून जिल्ह्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांत जाणार होता. सगळ्या. किनवटपासून देगलूरपर्यंत. एसटीत तिने तनुजाताईंना तीनदा विचारलं, "सगळ्या म्हंजी सगळ्याच ना?" तिला ते हवं होतं, आणि ती ते लपवत नव्हती.

"आपला पयला येतोय," ती म्हणाली. "मी बाकीची टेबलं बघून आले. बाकीच्यांची नुसती बघायची हायेत, आपली खेळायची हायेत."

परीक्षक विरूपाक्ष सर उदगीरचे, निवृत्त प्रशिक्षक. उंच, सावकाश बोलणारे. ते बाकीच्या टेबलांपाशी उभ्याउभ्याच होते. इथे खुर्ची ओढून बसले. चिमणी-घरटं लावलं. मुंगी-वारूळ लावलं. कडेवरून अंगठा फिरवला.

"कशानं घासलं हो हे?"

"चमच्यानं."

"वा." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आईचं कार्ड उचललं, घराला लावलं, आणि डावा दात पाहून थांबले. "हे काय?"

"ते मोबाईलला लागतं."

"अहो बाई, कोण कुठं राहतं? आई मोबाईलमध्ये राहते?"

"काहींची ऱ्हाती, सर."

शेजारच्या टेबलावरच्या बायका वळल्या. विरूपाक्ष सरांनी चष्मा काढला. ते चिडले नव्हते, आणि त्यामुळेच अवघड होतं.

"मला कळलं तुम्ही काय म्हणताय. पण हे साहित्य स्वयंसुधारक असतं, मुलाला आपली चूक आपणच कळते. एकच उत्तर बसायला पाहिजे. दोन बसली तर मूल गोंधळतं. आणि दुसरं असं, की आईची जागा घरात आहे, हे लेकराला कळायला नको का? नाही तर ते मोबाईललाच आई समजेल."

"कळू द्या की. घराची खाच हायेच. मी ती कुठं बुजवली?" सरजाबाई म्हणाली. "आन् गोंधळायचं म्हणाल तर, गोंधळ दुसऱ्या दाताच्या आधी होता. आता न्हाई."

सरांनी टेबलावरची कात्री तिच्यापुढे सरकवली. "बाई, सरळ सांगतो. समिती हे छापायला देणार नाही. वर कोण काय विचारील सांगता येत नाही. पण तुमचं कापणं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. हा डावा दात तेवढा काढा. बाकी अकरा जोड्या आहेत. पहिला नंबर तुमचा."

तनुजाताई कानाशी आल्या. "माय, काढा ना. एक दात तर हाय. गावात आपण आपलं दोन दाताचं ठेवू. रेणुकाचं काही जात न्हाई. जिल्हाभर जाईल तुमचं!"

सरजाबाईने कात्री उचलली. उचलली, हे खरं. पात्यांमध्ये तिने तो दात धरलाही. तेवढा एक कट्, की किनवटपासून देगलूरपर्यंत.

"आमच्या गावच्या पोरीचं भागंल," सरजाबाई हळू म्हणाली. "पण खेळाचा डबा जाईल दुसऱ्या गावाला. तिथली कोणी पोरगी आई उचलंल, मोबाईलला लावंल. बसायची न्हाई. ती जोर लावंल, दात मोडंल. मग तिथली ताई म्हणंल, दांडगं पोरगं हाय, खेळ मोडतंय." तिने कात्री टेबलावर ठेवली, पाती मिटून, मूठ सरांच्या बाजूला. "आन् ते माझ्या हातचं असंल, सर. न्हाई काढत."

"पहिला नंबर जाईल, बाई."

"हाव. जाईल."

विरूपाक्ष सरांनी खुर्ची मागे सारली. तक्ता हातात घेतला. चौथा रकाना कोरा पाहून म्हणाले, "उद्दिष्ट लिहिलं नाही तुम्ही."

"तुम्हीच लिवा की," सरजाबाई म्हणाली. "खेळलात तुम्ही."

त्यांनी पेन उघडलं, बराच वेळ धरलं, आणि तक्ता तसाच फाईलमध्ये ठेवला.

रकाना पाचवा : शेरा

पहिला नंबर बिलोलीकडच्या एका गावाच्या मोजणीच्या माळेला मिळाला. सरजाबाईने जाऊन ती माळ हातात घेऊन पाहिली. चांगली होती. "दोरा दुहेरी घाल," तिने त्या पोरगेल्या ताईला सांगितलं, "छापायला जाईल तवा सांग त्यांला. एकेरी तुटतो." आणि जागेवर येऊन पेला भरून पाणी प्यायली. तनुजाताई नाक ओढत होत्या.

"रडून काय राहिलाव? डबा भरा. चारची गाडी हाय."

सगळ्यांना सहभागाची प्रमाणपत्रं वाटली. जाड, गुळगुळीत कागद, सोनेरी कड. सरजाबाईच्या आयुष्यातला तिचं नाव छापलेला हा पहिला कागद. तनुजाताईंच्या हट्टाने मदतनिसाचं नाव वर आलं होतं. तिने ते दोनदा वाचलं.

डबा भरायला घेतला तेव्हा शेजारच्या टेबलाची बाई आली. "मावशी, ते आईचं कार्ड जरा द्या की. खाका काढून घेते." तिने वहीचं पान फाडलं, कार्ड ठेवलं, पेन फिरवलं. तिच्यामागे दुसरी उभी राहिली. तिच्यामागे तिसरी. कोणी निमंत्रण पत्रिकेच्या पाठीवर काढलं, कोणी बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर. "मोबाईलचं बी द्या," एक म्हणाली, "खाच नगं का?" "घराचं आधी घे गं, घर इसरलीस!" हसू झालं. तनुजाताई आता एकेकीला रांगेत लावत होत्या. चारची गाडी गेली.

"माझ्याकडं आजीपाशी ऱ्हाणारी चौदा हायेत," एक जण म्हणाली. "दिवाळी झाली की आमच्याकडं वाडीच रिकामी होती," दुसरी म्हणाली. बाकीच्या काही न सांगताच काढून घेत होत्या.

हॉलमधल्या खुर्च्या उचलायला लागले तेव्हा सगळ्यांत शेवटी एक म्हातारी मदतनीस पुढे आली. देगलूरच्या पलीकडची, तेलंगणाच्या सीमेवरच्या तांड्याशेजारची. गुरम्मा नाव. तिच्याकडे कागद नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि पदराचा कोपरा टेबलावर पसरला.

"लुगडं कशाला खराब करती अम्मा," सरजाबाई म्हणाली. तिने बाजूचं प्रमाणपत्र उचललं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. "हे घे. जाड हाय. ह्याच कागदाचं कापून घेतलं तरी चालंल."

गुरम्माने ते उलटून पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण सोनेरी कड दिसली. "तुमचं नाव हाय वो ह्याच्यावर."

"आसू दे. खालच्या अंगाला जाईल."

सरजाबाईने कार्ड कागदाच्या मधोमध ठेवलं आणि ते हलू नये म्हणून दोन बोटांनी दाबून धरलं. गुरम्माचं पेन चित्रातल्या आईच्या पदरावरून खाली आलं, खांद्याला वळसा घालून डाव्या कडेला पोचलं.

"हितं दमानं," सरजाबाई म्हणाली. "दात हाय."