सुटलेला रवा

अरिस्तिदिसच्या दुकानात वर थंडगार हवा, काचेची कपाटं आणि गोड बोलणाऱ्या मुली. खाली तळघरात कालिरोई. गिऱ्हाइकापुढे दागिना ठेवताना अरिस्तिदिस सांगायचा, "आमच्या घराण्याचं काम, वडलांपासूनचं." यातलं वडलांपासूनचं तेवढं खरं होतं. म्हाताऱ्यानं संग्रहालयाच्या काचांना नाक लावलावून जुन्या सोनारांची विद्या उकलली होती. मुलाला शिकवायला गेला, तर मुलाच्या अंगात पाच मिनिटं एका जागी बसण्याचा धीर नव्हता. मग त्यानं ती हाताखालच्या कालिरोईला दिली.

सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या पुडीत तापवले की त्यांचे खसखशीएवढे रवे होतात. ते एकेक उचलून डिंक आणि तांब्याच्या क्षारावर रांगेत बसवायचे आणि सांधायला झाळ न लावता, नुसत्या फुंकणीच्या ज्योतीनं चिकटवायचे. सोन्याच्या अंगावरून एक चकाकी सरकते. त्या क्षणी ज्योत काढली नाही, तर सगळं पाघळलंच म्हणायचं. एवढं करून दागिन्यावर शिक्का दुकानाचा. म्हणून तरुणपणीच कालिरोईनं एक खोडी सुरू केली. रव्यांच्या रांगेत, खालच्या अंगाला, एका रव्याची जागा रिकामी सोडायची. ही तिची सही. ती फक्त अरिस्तिदिसला ठाऊक होती, कारण एकदा कॉफी पिता पिता तिनंच त्याला हसत हसत सांगितली होती. पुढे त्यानं तिच्या मुलीला, मिर्सिनीला, बाप्तिस्म्याच्या पाण्यात धरलं आणि तो तिचा नोनो, म्हणजे धर्मपिता, झाला. आता लग्नातही डोक्यावर मुकुट धरायचा मान त्याचाच.

त्या लग्नासाठी कालिरोईनं स्वतःच्या लग्नातलं कडं वितळवलं. नवऱ्यामागे तेवढंच उरलं होतं. दुकानाचं काम संपलं की त्याच बाकावर बसून तिनं लेकीसाठी डूल घडवले. आपलं नाव जगात कुठं नसलं, तरी लेकीच्या कानात असेल, एवढीच तिची हाव होती. ती फार नव्हती.

लग्नाआधी दोन दिवस नव्या घरात पलंग सजवायचा कार्यक्रम झाला. पोरींनी चादर अंथरली, विस्कटली, पुन्हा अंथरली. कुणी तांदूळ टाकले, कुणी साखरेचे बदाम, कुणी नोटा. कुणाचं तरी तान्हं पोर उशीवर लोळवलं. मग कालिरोई पुढे झाली आणि तिनं डूल चादरीच्या मधोमध ठेवले.

विहीणबाई पोलिक्सेनी वाकल्या. "अगंबाई! हे तर आमच्या वन्संकडे आहेत की! मारो, इकडे ये गं, कान दाखव."

मारोनं केस मागे सारले. तिच्या कानात तेच डूल होते. तीच चकती, तीच रव्यांची रांग आणि खालच्या अंगाला तीच रिकामी जागा.

"रोडस बेटावर घेतले. बोटीतून उतरल्या उतरल्या दुकान आहे," मारो कौतुकानं म्हणाली. "ट्रे भरून होते, सगळ्यांवर कालिरोईबाईंच्या दुकानाचाच शिक्का. आणि हे बघ, हा एक रवा मुद्दाम सोडलेला असतो. हातानं केल्याची खूण, असं सांगितलं दुकानदारानं. ही जागा दिसली की समजायचं, माल अस्सल."

कालिरोईनं मारोच्या कानाशी वाकून पाहिलं. त्या डुलांचे रवे तळाशी एकमेकांत वितळलेले होते, वर नुसतं सोन्याचं पाणी होतं. साचा. तिच्या कामावरून कुणीतरी साचा काढला होता आणि सहीसकट ओतला होता. आणि ते कुणीतरी खिडकीपाशी हातात ग्लास घेऊन उभं होतं.

मिर्सिनी जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "आई, तू तर म्हणालीस स्वतः केलेस. दुकानातलेच उचलून आणलेस होय? मला चाललं असतं गं. खोटं कशाला बोलायचं?"

"मिर्सिनी, माझ्या कड्याचं सोनं आहे ते."

"बरं बरं. नको आता इथं."

कालिरोईला अजून एक आशा होती. ती मोठ्यानं म्हणाली, "अरिस्तिदिस, तू सांग यांना. हे डूल कसे झाले ते सांग."

सगळे त्याच्याकडे वळले. त्यानं क्षणभर ग्लासात पाहिलं. मग तो तोंडभर हसला. "म्हणजे काय! हातानंच केलेत. कालिरोईच्या हाताला तोड नाही. आणि मारोबाई, तुमचेही हाताचेच हं. आमच्याकडे सगळंच हातानं होतं."

"बघा!" मारो खूश झाली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कालिरोई काय बोलणार होती? मारोच्या कानातलं खोटं आहे, असं व्याह्यांसमोर ओरडणार होती? की नोनोला चोर म्हणून दोन दिवसांवर आलेलं लग्न मोडणार होती? कुणीतरी तिच्या हातात बदाम दिले, ते तिनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत ती तळघरात उतरली. दोन रवे निवडले, रिकाम्या जागी बसवले. एकदा चिकटलेलं काम पुन्हा तापवणं म्हणजे बसलेल्या सगळ्या रव्यांशी जुगार. तिनं गाल फुगवले, फुंकणी ओठाला लावली. चकाकी सरकली, तिनं ज्योत काढली. मग दुसरा. रांग पूर्ण झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातचं काम कुणाचंही असू शकलं असतं.

मिर्सिनीनं डूल उजेडात धरून पाहिले. "अय्या, भरलीस ती जागा? छान केलंस. आता आत्याबाईंसारखे दिसत नाहीत." तिनं आईच्या गालाचा मुका घेतला. "उगाच तोंड पाडून बसलेली होतीस."

चर्चमध्ये माणसं दाटली होती. अरिस्तिदिसनं नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट आलटूनपालटून बदलले. बदलताना त्याची नजर मिर्सिनीच्या कानावर गेली आणि तिथंच राहिली. सोनाराच्या पोटी जन्मला होता, तेवढं त्याला दिसायचं. मग पाद्री दोघांना हात धरून मेजाभोवती फिरवू लागला. मागे मुकुट सावरत नोनो. लोकांनी आशीर्वादाचे तांदूळ उधळायला सुरुवात केली; नोनोला जितके जोरात लागतील तितकी मजा, अशीच रीत.

पहिल्या फेरीत तो कालिरोईच्या अगदी जवळून गेला. गर्दीनं जरा थांबावं लागलं, तशी त्यानं मान तिच्याकडे कलती केली.

"जागा भरलीस वाटतं," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी मायेनं. "सुरेख दिसतंय गं. लग्न आटोपलं की हे डूल दोन दिवस दे मला. याचा साचा आणखी चांगला येईल."

आणि पुढे गेला.

कालिरोईच्या मुठीत तांदूळ होते. दुसऱ्या फेरीत तो पुन्हा समोर आला, तेव्हा तिनं पाऊल पुढे टाकलं आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ती मूठ त्याच्या तोंडावर मारली. दाणे डोळ्यात गेले, गालावर लाल वळ उठला. भोवतीची माणसं खदाखदा हसली. "शाब्बास विहीणबाई!" पोलिक्सेनी ओरडल्या.

दोन्ही हात मुकुटांवर असल्यानं अरिस्तिदिसला डोळे पुसता येईनात. पाणावल्या डोळ्यांनी तोही हसला, आणि तिनं भरभरून दिलेल्या आशीर्वादाबद्दल त्यानं मान लववून तिचे आभार मानले.