छायाची बुटकी केळ

भिवपुरीजवळच्या गावात छायाच्या परसात बुटक्या केळीचं बेट होतं. केळी बोटाएवढी, पातळ सालीची, आंबटगोड. ही जात आसपास दुसऱ्या कुणाकडे नव्हती. गेल्या वर्षी पानं आखडून झुपक्यासारखी झाली, रोग बेटभर पसरला आणि सगळं मुळासकट जाळावं लागलं.

मग तिला माधवी आठवली. पूर्वी कधीतरी कुंभिवलीच्या प्रयोगशाळेतली ही बाई तिच्याकडून केळफूल घेऊन गेली होती. त्यातल्या पेशी वाढवून गोठवणार म्हणाली होती.

छाया तिथे पोचली. माधवीने टाकीचं झाकण उघडलं, तशी पांढरी वाफ खाली सांडली.

"तुमच्या केळीच्या पेशी या टाकीतल्या कुप्यांत आहेत, छायाताई."

"जित्या हायत?"

"ते वितळवल्याशिवाय नाही कळत."

"मग वितळव की गं."

व्यवस्थापक देवेशने साफ नकार दिला. प्रयोगशाळा एका कंपनीची, साठाही कंपनीचा होता. हवी तर दुसऱ्या जातीची रोपं फुकट देतो, म्हणाला.

"मला माजीच केळ पायजे."

"मावशी, तुमची केळ संपली."

"संपली कशी? तुमच्या टाकीत हाय ना."

ती फाटकाशी जाऊन बसली. रखवालदाराने उठवलं, ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायकांना घेऊन आली. खिडकीतून बघत असलेल्या माधवीने कुणाला न विचारता एक कुपी काढली आणि कोमट पाण्यात फिरवली. त्या पेशी काळ्या पडल्या. तिने बाहेर येऊन तसं सांगितलं.

"दुसरी काढ," छाया म्हणाली.

दुसऱ्या कुपीतल्या पेशी फुगल्या, पिवळसर दाणे धरले. देवेशला कळलं तेव्हा तो माधवीवर भडकला.

"फूल त्यांच्या परसातलं होतं," माधवी म्हणाली. "मला कामावरून काढायचं तर काढा. ही रोपं त्यांनाच जाणार."

त्याने तिला काढलं नाही. दाण्यांना कोंब फुटले, बाटल्यांत रोपं झाली, ती बाहेरच्या हवेला सरावली. छाया न्यायला आली, तेव्हा देवेशने बजावलं, "यांच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं कुणाला द्यायची नाहीत."

"पिल्लं काय तुमाला इचारून फुटतात, साहेब?"

रोपं तिने जुन्या जागेपासून लांब, नव्या मातीत लावली. पिल्लं फुटली तशी स्वतःच खणून वाटायला घेतली. देवेशचा फोन आला.

"कुणाकुणाला दिलीत?"

"मागंल त्याला," छाया म्हणाली. "तुमाला पायजे असंल तर या. टोपली घेऊन या."