कागद कामाला, माणूस घरी

मृणाली बिऱ्हाडेने डी. फार्मची शेवटची परीक्षा दिली, त्या उन्हाळ्यात तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर पहिला पांढरा डाग उमटला. दिवाळीपर्यंत तो हनुवटीवर उतरला आणि पुढच्या वर्षी दोन्ही हातांची बोटं टोकांपासून पांढरी होत गेली. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोड आहे, कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, पण जाईल असंही सांगता येत नाही. आई केसरबाईने तिचं दही, लिंबू, मासे बंद केले. कुणी सांगितलं म्हणून बावचीचं तेल लावून तिला सकाळच्या उन्हात बसवलं. तेलाने कातडी भाजून निघाली, डाग तसेच राहिले. एरंडोलकडची एक सोयरीक जवळजवळ ठरली होती. तिकडून निरोप यायचे थांबले आणि कुणी काही न बोलता ती मोडली.

लग्नाचं दुःख तिने थोड्या दिवसांत गिळलं. नोकरीचं मात्र गिळता येईना. धरणगावच्या त्यांच्या वस्तीत फार्मासिस्ट झालेली ती पहिली मुलगी. वडील देवचंद जिनिंगमध्ये वॉचमन होते, आई कापूस वेचायला जायची. शिक्षण झालं की पोरगी पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी राहील, एवढंच त्या दोघांनी डोळ्यांपुढे ठेवलं होतं.

ती एसटीने जळगावला जायची. उन्हात सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ आणि हातांना मोजे घालतात, त्यामुळे बसमध्ये तिच्याकडे कुणी पाहायचं नाही. दुकानाच्या पायरीशी ती स्कार्फ सोडायची. पहिल्या दुकानात मालक फोनवर फार चांगलं बोलला होता. तिला समोर पाहिल्यावर म्हणाला की जागा कालच भरली. दुसऱ्या ठिकाणी मोजे काढायच्या आधीच पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. "बिऱ्हाडे म्हणजे...?" असं म्हणून तो माणूस थांबला, ती पुढे काहीच बोलली नाही तेव्हा मान हलवून म्हणाला, कळवतो. एका हॉस्पिटलमधल्या मेडिकलसाठी खुद्द डॉक्टरांनीच मुलाखत घेतली. त्यांनी चहा मागवला, मार्क पाहून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले की हे पसरत नाही हे मला माहीत आहे, पण पेशंट काही मला विचारून घाबरत नाही.

घरी आल्यावर केसरबाई विचारायची, काय म्हणाले? नाही म्हणाले, हे सांगणं सोपं होतं. का नाही म्हणाले, हे सांगता येत नव्हतं. तिच्यापाशी एक सोडून दोन कारणं होती आणि समोरचा माणूस त्यातलं कोणतं धरून बसला आहे, हे कधी उघड व्हायचं नाही. मग एका दुकानात गल्ल्यावर बुद्धाचा फोटो दिसला. मालक आपल्यातलाच होता, तिच्या मामाला ओळखत होता. निदान एक कारण तरी गेलं, असं वाटून ती मोकळेपणाने बोलली. त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं, बराच वेळ गल्ल्यातल्या चिल्लरशी खेळत राहिला.

"बाई, माझं दुकान नवीन आहे गं," तो म्हणाला. "आधीच लोक माझ्याकडे यायला बिचकतात. त्यात तुला कसं उभं करू?"

त्या दिवशी ती बसस्टँडवर बसून राहिली. दोन गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या, उठावंसं वाटेना.

याच सुमारास ओळखीतला तोताराम घरी आला. तो औषधांच्या होलसेल दुकानाचा माल पोचवायचा, धरणगाव, अमळनेर, नरडाणा असा रेल्वेच्या रेषेने फिरायचा. नरडाण्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर अभयकुमार ओसवाल यांचं मेडिकल होतं. त्यांचा फार्मासिस्ट सुरतेला निघून गेला होता आणि फार्मासिस्टशिवाय लायसन्स राहत नाही. त्यांना सर्टिफिकेट हवं होतं, फक्त सर्टिफिकेट. ते भिंतीवर लागेल, लायसन्सवर मृणालीचं नाव चढेल आणि दर महिन्याला तिच्या खात्यात पैसे येतील. तिने यायची गरज नाही.

"कितीतरी जणी असंच करतात," तोताराम म्हणाला. हे खरं होतं. तिच्या वर्गातल्या मुलींनीही लग्नानंतर सर्टिफिकेटं अशीच कुठे कुठे दिली होती.

तो गेल्यावर केसरबाई म्हणाली, "घर बठीसन पैसा भेटतस, ते काय वाईट शे?"

देवचंद खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. ते म्हणाले, "कागद कामले जाई नि पोर घर ऱ्हाई. असं कसं?" मग तेलाची वाटी खाटेखाली सारून आडवे झाले. दोन दिवसांनी मृणालीने हो म्हटलं. जळगावला पुन्हा जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

केसरबाईने गल्लीत सांगून टाकलं की मृणालीला नरडाण्याला नोकरी लागली. त्यामुळे एक नवीनच अडचण झाली. नोकरीवर असलेली मुलगी दिवसा दारात दिसून कशी चालेल? मग ती सकाळी उठून अंघोळ करायची आणि मधल्या खोलीत बसून राहायची. दार लोटलेलं, पंखा हळू. शेजारच्या इंदिराबाई पीठ मागायला आल्या की ती भिंतीला लागून श्वास रोखायची. संध्याकाळी पॅसेंजरची वेळ झाली की मागच्या बोळातून स्टेशनच्या रस्त्याला लागायची आणि पर्स अडकवून पुढच्या दाराने घरी यायची. लोक विचारायचे, दमली का गं? ती म्हणायची, हो, दमले. त्यात खोटं नव्हतं. असं वर्षभर चाललं.

एका सकाळी अभयकुमारांचा फोन आला. औषध खात्याची तपासणी येणार अशी बातमी होती. मॅडमनी ताबडतोब यावं, पांढरा ॲप्रन आणावा, दिवसभर बसावं.

तिने पेटीतून ॲप्रन काढला. घडीवर पिवळी रेघ पडली होती. पॅसेंजरने ती नरडाण्याला उतरली आणि विचारत विचारत दुकानाशी पोचली. दुकान बरं चालत होतं. मागे अभयकुमारांचं घर, मधे पडदा. काउंटरवर नवल नावाचा पन्नाशीचा माणूस होता. तो तिथे तरुणपणापासून काम करत होता, सगळी औषधं हातासरशी काढायचा. भिंतीवर तिचं सर्टिफिकेट होतं, त्यावर कॉलेजातला फोटो, ओठ अजून एका रंगाचे. अभयकुमारांनी आधी फोटोकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. तोतारामने त्यांना डागांचं काही सांगितलेलं नव्हतं. आडनाव मात्र वर्षभर समोर टांगलेलंच होतं.

"बसा मॅडम," ते म्हणाले. नवलने स्टूल पुसून दिलं.

तपासणी आलीच नाही. गिऱ्हाइकं मात्र दिवसभर येत राहिली. कंपन्यांची शिफ्ट सुटली तेव्हा तर रांगच लागली आणि नवलला आवरेना. मृणाली उठली आणि चिठ्ठ्या घेऊ लागली. एका माणसाने तिच्या हातातली गोळ्यांची पट्टी घेतली नाही, मान नवलकडे वळवून म्हणाला, भाऊ, तुम्ही द्या. एक बाई पैसे हातात न देता काउंटरवर ठेवून मागे सरकली. बाकीच्यांनी पाहिलं, थोडे थबकले आणि औषध घेऊन गेले. एका म्हातारीने सरळ विचारलं, "भाजलं का गं बाई?"

"नाही आजी. कोड आहे."

"बरं. मग ही गोळी जेवणाआधी का मागून, ते सांग."

मृणालीने सांगितलं. म्हातारीने पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि गेली. दुपारी पडद्याच्या आतून नवलला आणि अभयकुमारांना चहा आला, कपबशीत. तिचा कागदी कपात आला. पाणी मागितलं तर नवल समोरच्या टपरीवरून बाटली घेऊन आला आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता ठेवून गेला.

गर्दी ओसरल्यावर ती अभयकुमारांना म्हणाली, "शेठ, मी उद्यापासून रोज येते."

ते गडबडले. म्हणाले की एवढा रोजचा प्रवास कशाला, पैसे तर वेळेवर मिळतातच, गरज लागली की बोलवूच.

"मला काम करायचंय. कायद्यानेही मीच इथं असायला पाहिजे."

"तसं नाही मॅडम. गिऱ्हाईक..."

"एक विचारू?" ती म्हणाली. स्वतःच्या आवाजाचं तिला आश्चर्य वाटलं, त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "माझे हात आडवे येतात की आडनाव? इतक्या ठिकाणी जाऊन आले, कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा. मी भांडणार नाही."

अभयकुमार वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पडद्याकडे एकदा पाहून हळू आवाजात म्हणाले, "विचारलंत म्हणून सांगतो. दुकानासाठी हात. घरासाठी आडनाव. आई जुन्या वळणाची आहे, पाणी घरातून येतं."

कारण कळलं की मन हलकं होईल, असं तिला इतके दिवस वाटत होतं. तसं काही झालं नाही. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढून सर्टिफिकेट खिळ्यावरून काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"मॅडम, हे काय करताय?"

"हे माझं आहे. खात्याच्या ऑफिसला मी राजीनामा कळवते. तुम्ही दुसरं बघा."

नवल तिच्यामागे रस्त्यापर्यंत आला. ती रोज आली असती तर आपलं काय, हे त्याला मघापासून विचारायचं असावं.

"ताई, तुम्ही रोज वनात, ते मंग मन्हं काय?"

"तुमचं काय होणार भाऊ? माझ्या एकटीने दुकान चालतं का? आज पाहिलं ना."

त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. तो म्हणाला, गाडीला वेळ शे, हळू जा.

घरी कुणी रागावलं नाही. केसरबाईने सर्टिफिकेट पाहिलं, पदराने काच पुसली आणि कपाटावर ठेवलं. देवचंदनी विचारलं, जेवली का? दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाली पुढच्या दारात येऊन बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. इंदिराबाईंनी विचारलं, आज सुट्टी का? "नाही अक्का," ती म्हणाली, "नोकरी नाही." केसरबाईने आतून ऐकलं आणि भांडी जरा जोरात घासली.

दुसऱ्या आठवड्यात अभयकुमारांचा फोन आला. त्यांनी शिंदखेडा, दोंडाईचा, धुळ्यापर्यंत विचारून पाहिलं होतं. नरडाण्याला यायला कुणी तयार नव्हतं, आणि ज्यांनी कागद देऊ केला त्यांचे आकडे फार होते. ते स्पष्ट काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले की मॅडमचा विचार बदलला असेल तर.

तिने आपलं म्हणणं सांगितलं. काउंटरवर पुढे बसेन, मागे नाही. मोजे घालणार नाही. नवलभाऊंचं काम जाणार नाही. अभयकुमार प्रत्येकाला "बरं" म्हणत गेले. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि चहापाण्याचं..."

मृणालीने फोन दुसऱ्या कानाला लावला. इथे अडून बसायचं तर पुन्हा जळगाव, पुन्हा पायऱ्या, पुन्हा स्कार्फ सोडणं. तिला ते सगळं एकदम दिसलं.

"मी माझी बाटली आणीन," ती म्हणाली.

हे शब्द तिला नंतर कित्येक दिवस टोचत राहिले. देवचंदना तिने ते सांगितलंच नाही.

आता तिला तिथे आठ महिने झाले. काही गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली ती गेलीच. काही परत आली, कारण तिथे गोळी कशी घ्यायची ते कुणी समजावत नाही. कंपनीतल्या बाया पाळीचं, पोटाचं विचारायला तिच्याकडेच येतात, नवल समोर असला तर थांबून राहतात. पैसे काउंटरवर ठेवणारे अजून ठेवतात. अभयकुमारांच्या आई चंदनबाई पडद्याच्या अलीकडे कधी आल्या नाहीत, त्यांच्या बीपीच्या गोळ्या नवल आत नेऊन देतो. पट्टीवर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलेलं असतं, ते अक्षर मृणालीचं.

हल्ली डाग कोपरापर्यंत चढलेत. काल परतीची पॅसेंजर उशिरा होती. उभं राहून पोटऱ्या दुखत होत्या, म्हणून ती फलाटावरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली आणि डब्यातली उरलेली भाकरी खाल्ली. धुळ्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाल्याचं मैत्रिणीने कळवलं होतं. अर्ज करावा का, असं तिच्या मनात आलं. पुन्हा नाव सांगायचं, पुन्हा हात टेबलावर ठेवायचे. दिवाळीनंतर बघू, असं तिने ठरवलं. मग लांबून गाडीचा दिवा दिसला तशी ती उठली, भाकरीचे कण झटकले आणि बायकांचा डबा जिथे लागतो तिथे जाऊन उभी राहिली.