प्रश्न बाबांना विचारला होता

अमेरिकेतल्या चँडलर गावी मुलाच्या घरी एकनाथराव सकाळचा चहा झाला की आरशासमोर जीभ बाहेर काढून उभे राहत. जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा होता, तिखट लागलं की झोंबायचा.

"बाबा, तोंड आलं असेल. बी-कॉम्प्लेक्स घ्या," सून रोशनी म्हणाली. आपल्या घरांत असंच चालतं. पांढरं दिसलं की तोंड आलं, आणि तोंड आलं की गोळी.

चट्टा हटेना, तेव्हा देवानंद वडिलांना क्लिनिकमध्ये घेऊन गेला.

"डॉक्टरला जीभ दाखवली तं चालते ना रे?" एकनाथराव हसले. "आमच्या नागपुरात मास्तर मारत."

एकनाथरावांना इंग्रजी येत नव्हतं, भाषांतर देवानंद करत होता. डॉक्टरांनी आधी दमा आणि इनहेलरचं विचारलं. त्याने वडिलांना विचारून दोन्हींना हो सांगितलं. मग तंबाखूचा प्रश्न आला. त्याने वडिलांकडे पाहिलंही नाही.

"नो, नेव्हर."

वडील नागपूरहून आणलेला खर्रा, तंबाखू-सुपारीचं ते मिश्रण, गॅरेजमागे उभं राहून खातात हे त्याला माहीत होतं. पण कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या त्याच्यासारख्या इंजिनिअरने हे इथे कोणत्या तोंडाने सांगायचं?

इनहेलरमुळे बुरशी झाली असावी, असं म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं. पंधरा दिवसांत फरक न पडल्यास परत या, असंही बजावलं. फरक पडला नाही.

"जाऊ दे यार, आता इंडियातच दाखवू," देवानंद रोशनीला म्हणाला. वडिलांचं परतीचं विमान तीन महिन्यांवर होतं.

त्याआधी एका रविवारी संघमित्रा जेवायला आली. ती डेंटिस्ट, रोशनीची मैत्रीण. एकनाथराव घास एकाच बाजूने चावताहेत, हे तिने पाहिलं.

"काका, आ करा बघू." तिने हात धुऊन स्वच्छ कापडाने चट्टा हलकेच पुसला. तो तसाच राहिला. "खर्रा खाता का?"

"खातो ना बाई. कॉलेजात होतो तेव्हापासून."

संघमित्रा देवानंदकडे वळली. "डॉक्टरांना हे सांगितलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"अरे, पांढरं म्हणजे एकच आजार नसतो! इनहेलरनंतर चूळ भरली नाही, अँटिबायोटिक्स झाली, शुगर वाढली, तर बुरशी होते. ती बहुधा पुसली जाते. घशात पांढरे ठिपके आले तर टॉन्सिल्सचा संसर्ग असू शकतो. पण तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेवरचा न जाणारा चट्टा तुकडा काढून तपासावा लागतो. डॉक्टरांना अर्धंच सांगितलंस, तर ते अर्धंच शोधणार!"

"लाज वाटली गं."

"कोणाची लाज? त्यांना वाटत नाहीये."

तुकडा तपासला गेला. कॅन्सर निघाला, मानेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. जिभेचा मोठा भाग काढावा लागेल, आणि काढूनही खात्री देता येणार नाही, असं सर्जन म्हणाले.

गाडीत बसल्यावर देवानंदने सगळं कबूल केलं. "बाबा, मी तुमच्या नावावर खोटं बोललो. तुम्ही लपून खाता, म्हणून मीही लपवलं."

"लपून? रोशनीला वास सहन होत नाही म्हणून बाहेर जात होतो." एकनाथराव काचेबाहेर पाहत राहिले. "मला विचारलं असतं तं मी खरं सांगितलं असतं. काऊन नाही विचारलं रे?"



ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने पुन्हा तंबाखूचा तोच प्रश्न विचारला. देवानंदने फोनवर मराठी दुभाषी मागितला आणि आपली खुर्ची मागे सरकवली. एकनाथरावांनी सगळं स्वतः सांगितलं, अगदी स्पष्ट. त्या सांगण्याने आता काही वाचणार नव्हतं.

आपल्यापैकी अनेकांना या देशात आई-वडिलांसाठी दुभाषी व्हावं लागतं. प्रश्न त्यांना असेल, तर उत्तरही त्यांचंच पोचवा. व्यसन असेल तर ते सांगा, आणि दोन आठवड्यांत न जाणारा चट्टा पुन्हा दाखवा, परतीच्या विमानाची वाट पाहू नका. देवानंद आता हे भेटेल त्याला सांगतो. वडील शेजारी बसलेले असतात. त्यांना काहीतरी म्हणायचं असतं, आणि ऑपरेशननंतर उरलेल्या जिभेने ते काय म्हणतात हे आता मुलालाही समजत नाही.